धागा: एकाच फाइलमधून हवं ते दार निघावं – रेव्हिट फॅमिली मोडतेय, मार्गदर्शन हवं

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. रेव्हिटमध्ये (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) दाराची फॅमिली, म्हणजे परत परत वापरायचा साचा, बनवायला घेतली आहे. डोक्यात असं आहे की फाइल एकच असावी आणि तिच्यातून कुठलंही दार निघावं. रुंदी, उंची, चौकटीची जाडी, पल्ला एक की दोन, काच हवी की नको, पल्ला किती अंश उघडा दिसावा, सगळं पॅरामीटरवर, म्हणजे बदलता येणाऱ्या आकड्या-पर्यायांवर. दर प्रोजेक्टला नवीन दार शोधत बसायला नको.

सध्याची अवस्था अशी: रुंदी ९०० ची १२०० (सगळी मापं मिमीमध्ये) केली की चौकट सरकते, पल्ला मात्र जागच्या जागी राहतो. उघडण्याच्या कोनाला पॅरामीटर दिलाय, तो ४५ आणि ९० ला चालतो. ० टाकला की 'कन्स्ट्रेंट्स नॉट सॅटिस्फाइड' (घातलेल्या अटी जुळत नाहीत) येतं. भिंत जाड होती ती बारीक केली तर चौकट दोन्ही बाजूंनी बाहेर येते. फाइल टाकून देऊन नव्याने बनवायची तयारी आहे, पण कुठल्या क्रमाने बनवायची ते सांगा.

मोजपट्टी

एक प्रश्न आधी. पल्ल्याचं एक्स्ट्रूजन (आकार ताणून काढलेला घन) कशाला लॉक केलंय? चौकटीच्या कडेला, की रेफरन्स प्लेनला, म्हणजे नुसत्या संदर्भाच्या प्रतलाला?

उंबरठा

चौकटीच्या आतल्या कडेला अलाइन करून कुलूप लावलं होतं. एका बाजूला लागलं, दुसऱ्या बाजूला बहुतेक राहिलं असावं. आणि बिजागरीकडून पल्ला फिरवायचा म्हणून एक कड मोकळी ठेवली होती.

मोजपट्टी

मग पल्ला हललाच नाही यात नवल नाही. घनाकृतीला घनाकृती बांधायची नाही. आधी सांगाडा उभा करायचा: रेफरन्स प्लेन, त्यांच्यामध्ये डायमेन्शन, डायमेन्शनला पॅरामीटरचं लेबल. एकही घन न काढता 'फॅमिली टाइप्स' उघडून आकडे बदलून बघायचे. इंग्रजीत याला फ्लेक्स करणं म्हणतात. प्लेन नीट सरकले, मध्यरेषा मध्येच राहिली, की मगच चौकट काढायची आणि तिची प्रत्येक कड प्लेनला लॉक करायची. मग पल्ला काढायचा आणि तोही प्लेनलाच लॉक करायचा. पल्ल्याला चौकट ठाऊक असायची गरज नाही. दोघांना प्लेन ठाऊक असले की झालं.

दाराच्या टेम्प्लेटमध्ये (नवी फॅमिली सुरू करायच्या तयार फाइलमध्ये) भिंत, तिच्यातलं भोक, डावा, उजवा आणि मधला प्लेन, शिवाय विड्थ आणि हाइट हे पॅरामीटर आधीच असतात. ते पुसू नका. कितीतरी लोक ते पुसून आपले नवे टाकतात आणि मग टॅग (ड्रॉइंगवरची खूण), शेड्यूल (दारांचा तक्ता), सगळीकडे दोन-दोन रुंद्या दिसायला लागतात.

आणि एक. दर घनानंतर फ्लेक्स करा. सगळं काढून झाल्यावर शेवटी एकदम केलंत तर मोडलेलं कुलूप कुठलं ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

साधीकडी

मुळात एका फाइलमध्ये सगळं कशाला? दोन पल्ले, सरकतं दार, काच, जाळी, सगळं येस-नो (हो-नाही) पॅरामीटरने लपवावं-दाखवावं लागणार. लपवलेली वस्तू फाइलमध्ये असतेच. दुसरा पल्ला अदृश्य केला तरी त्याची कुलुपं, त्याचे फॉर्म्युले चालूच राहतात. एकपाखी दाराची रुंदी ७०० केली की न दिसणाऱ्या दुसऱ्या पल्ल्याची रुंदी उणे होते आणि दिसणारं दार मोडतं. एरर कुठली आली ते बघायला जावं तर तिथे काही दिसतच नाही.

माझ्या मते उघडण्याच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळी फाइल हवी. एकपाखी एक, दुपाखी एक, सरकतं एक. चौकट मात्र तिन्हींत एकाच पद्धतीने बांधलेली.

मोजपट्टी

साधीकडीशी सहमत, पण काचेच्या बाबतीत नाही. पल्ल्याचा प्रकार (भरीव, अर्धी काच, पूर्ण काच) एका फाइलमध्ये ठेवता येतो. त्यासाठी पल्ला ही वेगळी छोटी फॅमिली करायची, ती दारात नेस्ट करायची (आत बसवायची) आणि 'फॅमिली टाइप' पॅरामीटर लावायचा. मग दाराच्या प्रॉपर्टीत एक यादी दिसते, तिच्यातून पल्ला निवडायचा. लपवाछपवी शून्य, कारण त्या जागी खरोखर एकच पल्ला असतो.

पथ्यं दोन. प्रत्येक पल्ल्यातले रुंदी, उंची, जाडी हे पॅरामीटर एकाच नावाचे आणि एकाच जातीचे हवेत, नाहीतर पल्ला बदलताना जोडणी सुटते. आणि नेस्टेड पल्ला डोअर कॅटेगरीत असेल तर त्याला 'शेअर्ड' करू नका. शेअर्ड केला की तो शेड्यूलमध्ये स्वतंत्र येतो आणि तुमच्या यादीत दारं दुप्पट होतात.

गवंडीकाम

मी साइटवरचा माणूस. रेव्हिट मला फक्त बघता येतं. पण तुमच्या पहिल्या ओळीतलं 'रुंदी ९००' वाचून थांबलो. कुणाची रुंदी? भिंतीतल्या भोकाची, चौकटीच्या बाहेरची, पल्ल्याची, की माणूस जातो त्या मोकळ्या जागेची? आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगवर नुसतं 'ड ९०० × २१००' असतं. गवंडी ९०० चं भोक सोडतो, सुतार म्हणतो पल्ला ९०० चा आहे. मग छिन्नी-हातोडा.

उंबरठा

हा प्रश्न मनात आलाच नव्हता. टेम्प्लेटमध्ये विड्थ आहे म्हणून तीच रुंदी, असंच चाललं होतं.

मोजपट्टी

गवंडीकाम यांनी नेमकी नस पकडली. कोन, काच वगैरे नंतर. आधी चार मापं वेगळी करा आणि त्यांतलं एकच हाताने भरायचं ठरवा. बाकी तीन फॉर्म्युल्याने निघाली पाहिजेत. टेम्प्लेटमध्ये विड्थ म्हणजे डाव्या-उजव्या प्लेनमधलं अंतर असतं आणि भोक त्याच प्लेनना बांधलेलं असतं, म्हणजे आयतं मिळतं ते भोकाचं माप. ते तसंच ठेवून खाली उतरत गेलं की हिशेब सरळ होतो.

उदाहरण घेऊ. भोक १०००. चौकट दर्शनी बाजूने ५०. पल्ला बसायला चौकटीत १५ ची खाच. पल्ला आणि खाच यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना ३ ची फट. तर

पल्ल्याची रुंदी = भोक − २ × चौकट + २ × खाच − २ × फट

म्हणजे १००० − १०० + ३० − ६ = ९२४. चौकटीच्या दोन दांड्यांमधली जागा ९००. पण पल्ला ९० अंश उघडा असताना मोकळी राहणारी रुंदी ९०० भरत नाही, कारण पल्ल्याची स्वतःची जाडी वाटेत येते. पल्ला ३५ चा आणि फिरण्याचा अक्ष पल्ल्याच्या कोपऱ्यावर धरला तर

मोकळी रुंदी = भोक − २ × चौकट − (फट + पल्ल्याची जाडी − खाच)

म्हणजे ९०० − २३ = ८७७. चाकाच्या खुर्चीसाठी नियम तपासतात तो याच आकड्यावर. ड्रॉइंगवर ९०० लिहिलेलं दार खुर्चीसाठी ९०० नसतं, आणि हा फरक फॅमिलीतच फॉर्म्युल्याने काढून ठेवला तर शेड्यूलमध्ये एक स्तंभ म्हणून आपोआप येतो. नेहमीच्या बिजागरीऐवजी पल्ला पूर्ण बाजूला नेणारी बिजागरी असेल तर कंसातला भाग गळतो. त्यासाठी एक येस-नो ठेवता येईल. हा येस-नो मला मान्य आहे, कारण तो नुसत्या आकड्यात बदल करतो, वस्तू लपवत नाही.

साधीकडी

उंचीचंही तसंच. स्लॅबपासून की तयार फरशीपासून? लेव्हल कुठे ठेवली आहे त्यावर सगळं. लेव्हल स्लॅबवर असेल आणि फरशीचा थर नंतर येणार असेल, तर दार फरशीत रुतलेलं दिसतं आणि एलिव्हेशनमध्ये कुणाच्या लक्षातही येत नाही. पल्ल्याखालची फट हा वेगळा पॅरामीटर ठेवा, उंचीतून मनातल्या मनात वजा करू नका.

गवंडीकाम

८७७ चा आकडा आवडला. असं कोणी लिहून देत नाही.

आडवा_छेद

भिंतीच्या जाडीचं कुणी बोललं नाही अजून. मी आर्चिकॅडवाला (रेव्हिटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर), त्यामुळे आमची बाजू सांगतो. जीडीएलमध्ये (आर्चिकॅडच्या स्क्रिप्टच्या भाषेत) दार लिहिताना भिंतीची जाडी 'वॉल_थिकनेस' या ग्लोबल व्हेरिएबलमधून थेट मिळते. दार ज्या भिंतीत ठेवलं तिची जाडी स्क्रिप्टला कळते, त्यावर चौकट काढायची, विषय संपला. ए म्हणजे रुंदी, बी म्हणजे उंची.

गंमत अशी की दाराच्या स्क्रिप्टमध्ये एक्स-वाय प्रतल उभं असतं, भिंतीला समांतर. वाय वर जातो, झेड भिंतीच्या जाडीच्या दिशेने. म्हणून पल्ला फिरवायला रोटवाय (वाय अक्षाभोवती फिरवा) लिहायचं. इतर ऑब्जेक्टच्या सवयीने रोटझेड लिहिलं की पल्ला घड्याळाच्या काट्यागत भिंतीतच फिरतो. नवशिक्यांचा हमखास प्रश्न.

बाकी तुमच्या रेफरन्स प्लेनची आणि कुलुपांची भानगड आमच्याकडे नाही. पल्ल्याची रुंदी ही स्क्रिप्टमधली एक ओळ आहे. मोजपट्टींनी दिलेला फॉर्म्युला जसाच्या तसा मास्टर स्क्रिप्टमध्ये टाकला की दार तयार. अर्थात स्क्रिप्ट लिहावी लागते, हे आहेच.

मोजपट्टी

आणि ती लिहिणारा ऑफिस सोडून गेला की नंतर तिला कोणी हात लावत नाही, हेही आहेच. :)

रेव्हिटमध्ये भिंतीच्या जाडीचे दोन मार्ग. सोपा मार्ग: चौकटीच्या पुढच्या-मागच्या कडा टेम्प्लेटमधल्या भिंतीच्या दोन पृष्ठभागांना अलाइन करून लॉक करा. भिंत बारीक झाली की चौकट बारीक. इथे एक अपवाद मी मान्य करतो, भिंतीचा पृष्ठभाग हाही संदर्भच धरायचा. दुसरा मार्ग रिपोर्टिंग पॅरामीटरचा. दोन पृष्ठभागांमध्ये डायमेन्शन टाका, लेबल लावा, 'रिपोर्टिंग' वर खूण करा. आता भिंतीची जाडी वाचता येते आणि फॉर्म्युल्यात वापरता येते. पण तो पॅरामीटर इन्स्टन्स (प्रत्येक दाराला वेगळा; टाइप म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या दारांना एकच) असतो, त्यामुळे त्याच्यावर आधारलेलं सगळंच इन्स्टन्स होतं. टाइप पॅरामीटरच्या फॉर्म्युल्यात इन्स्टन्स पॅरामीटर घालू देत नाही.

म्हणून चौकट भिंतभर असेल तर सोपा मार्ग. चौकटीची खोली ठरलेली असेल, समजा १००, तर ती एकाच पृष्ठभागाला बांधा आणि दुसरीकडे भिंत मोकळी दिसू द्या, किंवा गिलावा वळून चौकटीपर्यंत यायला हवा असेल तर त्या प्लेनच्या प्रॉपर्टीत 'वॉल क्लोजर' वर खूण करा. भिंतीचे थर दाराशी कुठे वळून संपायचे ते तिथून ठरतं.

उंबरठा

वॉल क्लोजरची खूण आजवर बघितलीच नव्हती. धन्यवाद. टाइप आणि इन्स्टन्समध्ये अडकलोय: रुंदी इन्स्टन्स ठेवली तर प्रत्येक दार ओढून हवं तेवढं करता येतं. सोयीचं वाटतं.

साधीकडी

ड्रॉइंगच्या पहिल्या आठवड्यात सोयीचं. मग कोणीतरी कॉरिडॉरमध्ये दार ओढून ९१३ चं करतो, दुसरा ८९७ चं. शेड्यूलमध्ये डी-१ खाली वेगवेगळ्या रुंद्या. दार ही कारखान्यात किंवा सुताराकडे ठरावीक मापात बनणारी वस्तू आहे. रुंदी, उंची, जाडी, पल्ल्याचा प्रकार हे टाइप. उघडा कोन, दाराचा क्रमांक, फार तर फिनिश हे इन्स्टन्स. यापलीकडे इन्स्टन्स द्यायला मन घट्ट करा.

मोजपट्टी

आता कोन. पल्ला फिरवायला रेफरन्स प्लेन वापरला असेल तर तिथेच गडबड आहे. प्लेनला टोक नसतं, त्यामुळे तो कुठल्या बिंदूभोवती फिरायचा हे रेव्हिटला सांगता येत नाही. रेफरन्स लाइन घ्या. तिला दोन टोकं असतात. बिजागरीकडचं टोक उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही प्लेनना अलाइन करून लॉक करा, म्हणजे ते खिळलं. मग कोनाचं डायमेन्शन टाका, लेबल लावा, नुसती रेषा फिरवून फ्लेक्स करा. रेषा बिजागरीभोवती नीट फिरली की पल्ला त्या रेषेच्या वर्क प्लेनवर बसवा.

० ला मोडतं याचं कारण असं की दोन रेषा एकावर एक आल्या की त्यांच्यात कोनाचं डायमेन्शन उरतच नाही. पुष्कळ जण फॉर्म्युला लावून कोन किमान १ अंश ठेवतात. ९०० च्या पल्ल्याचं टोक त्याने जवळजवळ १६ मिमी बाहेर येतं, सेक्शनमध्ये दार कायम किलकिलं दिसतं. मला ते खटकतं. त्यापेक्षा बिजागरीतून मागे ४५ अंशांवर एक मदतीची रेषा टाका, तिला पक्की करा आणि कोन तिच्यापासून मोजा:

मोजलेला कोन = उघडा कोन + ४५°

दार बंद म्हणजे ४५, पूर्ण उघडं म्हणजे १३५. शून्य आणि १८० दोन्ही टळतात.

आडवा_छेद

युक्ती छान आहे, पण हे सगळं त्रिमितीसाठी. प्लॅनमध्ये दार कसं उघडतं ते दाखवणाऱ्या कमानीचं काय?

मोजपट्टी

प्लॅनमध्ये खरा पल्ला दाखवायचाच नाही. पल्ल्याच्या व्हिजिबिलिटी सेटिंगमध्ये प्लॅन आणि 'व्हेन कट' या दोन्ही खुणा काढा आणि प्लॅनसाठी सिम्बॉलिक लाइनने (फक्त ड्रॉइंगपुरत्या रेषेने) पल्ल्याची रेषा आणि कमान काढा. ती कायम ९० अंशांची. प्लॅन वाचणाऱ्याला दार कुठल्या बाजूला उघडतं ते हवं असतं, आज ते किती उघडं ठेवलंय ते नको असतं. कमानीची त्रिज्या पल्ल्याच्या रुंदीला बांधा, भोकाच्या नाही. ९२४, १००० नव्हे. कमान भिंतीला किंवा शेजारच्या दाराला लागते का हे तपासताना हे ७६ मिमी कामी येतात.

कमानीला वेगळी सबकॅटेगरी (उपप्रकार) द्या, म्हणजे प्रोजेक्टमध्ये ती बारीक किंवा तुटक करता येईल.

मुक्तछंद

वाचनखूण साठवली. मी फ्रीकॅड (फुकट मिळणारं सॉफ्टवेअर) वापरतो. तिथे दार आणि खिडकी एकाच हत्याराने बनतात, आणि उघडण्याची मात्रा अंशात नसून ० ते १०० टक्क्यांत असते. ० ला काही मोडत नाही. :) आतमध्ये एक स्केच असतं, त्यातल्या कन्स्ट्रेंटना नावं दिली की तीच नावं बाहेरून बदलता येतात. २०२४ च्या अखेरीस आलेल्या १.० मध्ये बीआयएम वर्कबेंच (इमारतींसाठीचा हत्यारांचा संच) मूळ प्रोग्रॅममध्येच मिसळला, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही.

घरगुती कामासाठी स्केचअपचे डायनॅमिक कंपोनंटही बरे. ऑनक्लिकला ॲनिमेट आणि रोटझेड लिहिलं की हाताने टिचकी मारून दार उघडतं, क्लाएंट खूश. कंपोनंटचे अक्ष बिजागरीवर हवेत एवढंच. पण तो कंपोनंट भिंतीची एकच बाजू कापतो. जाड भिंत असेल तर पलीकडचं भोक स्वतः काढायचं.

अवांतर: हे पॅरामीटरचं सगळं बांधकामाच्या दुनियेत यंत्रांच्या दुनियेतून आलं. रेव्हिट सुरू करणारे लिओनिद रेझ आणि अर्विन युंगराइस हे दोघेही आधी प्रो-इंजिनिअर हे यंत्रं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पीटीसी कंपनीत होते. १९९७ साली त्यांनी कंपनी काढली, २००० मध्ये रेव्हिट बाजारात आलं, २००२ मध्ये ऑटोडेस्कने घेतलं. आणि भूमितीला अटी घालायची कल्पना तर आयव्हन सदरलँडच्या १९६३ च्या स्केचपॅड या संगणकावर चित्र काढायच्या प्रोग्रॅमइतकी जुनी.

उंबरठा

मोजपट्टी, सांगाडा नव्याने केला. रुंदी, उंची, भिंत, तिन्ही फ्लेक्स होतायत, पल्लाही बरोबर येतो. ४५ ची युक्ती चालली. फॉर्म्युल्यात दोन ठिकाणी अडलोय. रुंदी १२०० किंवा जास्त असेल तर तीन बिजागऱ्यांऐवजी चार, असं लिहायला गेलो तर 'पेक्षा मोठं किंवा समान' हे चिन्ह घेतच नाही. आणि उंचीवरून बिजागऱ्या मोजायला गेलो तर युनिट जुळत नाहीत म्हणतं.

मोजपट्टी

ते चिन्ह रेव्हिटच्या फॉर्म्युल्यात नाहीच. फक्त मोठं, लहान आणि समान. म्हणून उलटं लिहा: if च्या आत not, आणि त्याच्या आत 'रुंदी < १२००'. १२०० पेक्षा लहान नाही म्हणजेच १२०० किंवा जास्त.

उंबरठा

वरचे दोन शब्द देवनागरीत लिहाल का, फोनवर फॉन्ट फुटतोय.

मोजपट्टी

इफ ( नॉट ( रुंदी < १२०० मिमी ), ४, ३ ). आणि युनिटचं: लांबीतून नुसती संख्या हवी असेल तर लांबीला लांबीने भागा. उंची भागिले ७०० मिमी केलं की युनिट उडतं, त्याला राउंडअप लावा. नुसत्या ७०० ने भागलं की लांबीच उरते आणि मग तक्रार येते. पॅरामीटरच्या नावात वजाबाकीचं चिन्ह घालू नका, फॉर्म्युल्यात ते वजाबाकी समजलं जातं. लहान-मोठी लिपी असलेली नावं असतील तर तीही अक्षर न् अक्षर जुळली पाहिजेत.

आणि शून्य लांबी कुठेच येऊ देऊ नका. ०.८ मिमीपेक्षा लहान रेषा रेव्हिट बनवत नाही. 'पट्टी नको' म्हणून पट्टीची जाडी ० टाकली की फॅमिली मोडलीच समजा.

दुवा

उशिरा आलो. आयएफसीच्या (इमारतीचं मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायच्या खुल्या फाइल-प्रकाराच्या) बाजूने एक भर. दार बाहेर पाठवताना आयएफसीत ते तीन वस्तूंचं असतं: भिंत, भिंतीतलं ओपनिंग आणि ओपनिंग भरणारं दार. ओपनिंगला स्वतःचं माप असतं आणि दाराला ओव्हरऑल रुंदी-उंची वेगळी असते. वर जी भोक-पल्ला चर्चा झाली ती तिथे आधीपासूनच वेगळी मांडलेली आहे. चौकटीसाठी लायनिंग प्रॉपर्टीज, पल्ल्यासाठी पॅनल प्रॉपर्टीज. ब्लेंडरवर चालणारं बोन्साय, जे आधी ब्लेंडरबिम होतं, ते दार बनवताना थेट हीच मापं विचारतं. फॅमिलीतल्या पॅरामीटरची नावं ठरवताना ही यादी एकदा डोळ्यांखालून घाला.

दुसरा मुद्दा डाव्या-उजव्याचा. आयएफसीत दाराच्या स्थानिक वाय अक्षाच्या दिशेने बघताना बिजागरी डावीकडे असेल तर 'सिंगल स्विंग लेफ्ट'. उघडायची दिशाही तीच.

गवंडीकाम

डावं-उजवं हा आमचा कायमचा तंटा आहे. शेड्यूलमध्ये ते रेव्हिट आपोआप भरतं का?

दुवा

नाही. दारात उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही फ्लिपचे बाण ठेवतात. ड्राफ्ट्समन स्पेसबार दाबत दार फिरवतो आणि ते नक्की डावं झालं की उजवं याची नोंद शेड्यूलमध्ये होत नाही. आतून मात्र रेव्हिटला ठाऊक असतं: हँड फ्लिप्ड आणि फेसिंग फ्लिप्ड अशा दोन खुणा एपीआयमधून (प्रोग्रॅम लिहून) वाचता येतात, डायनॅमो या रेव्हिटच्या जोड-साधनानेही. दोन्हींपैकी एकच खरी असेल तर दाराचा हात (डावं की उजवं) मूळच्या उलट. दोन्ही खऱ्या असतील तर दार नुसतं १८० अंशांत फिरलेलं आहे, हात मूळचाच. दोन्ही खोट्या असतील तर अर्थातच मूळचा. एवढं तपासून उत्तर एका इन्स्टन्स पॅरामीटरमध्ये लिहिणारी छोटी स्क्रिप्ट करून ठेवा, शेड्यूल काढण्याआधी दर वेळी चालवा.

साधीकडी

तो पॅरामीटर शेअर्ड (सामाईक फाइलमधून घेतलेला) हवा, नाहीतर टॅगमध्ये येणार नाही. आणि ऑफिसभर शेअर्ड पॅरामीटरची एकच फाइल. दोघांनी आपापल्या फाइलमध्ये 'दाराचा हात' नावाचा पॅरामीटर केला तर नाव एकच, पण आतला ओळख क्रमांक वेगळा. शेड्यूलमध्ये एकाच नावाचे दोन स्तंभ, दोन्ही अर्धे रिकामे.

उंबरठा

समजलं. आता एकपाखी, दुपाखी, सरकतं अशा तीन फाइल करतोय. दुपाखीत मोठा पल्ला किती आणि छोटा किती, ते प्रमाणात ठेवू की आकड्यात?

गवंडीकाम

आकड्यात. मोठा पल्ला ठरलेल्या मापाचा, उरलेलं छोट्याला. रोजची ये-जा मोठ्यातून होते, त्याची मोकळी रुंदी कमी होऊन चालत नाही. प्रमाणात ठेवलं तर भोक लहान करताच मोठाही बारीक होतो.

मोजपट्टी

बरोबर. आणि छोटा पल्ला उणे जाऊ नये म्हणून टाइपच मोजके द्या. टाइप कॅटलॉग करा: साधी टेक्स्ट फाइल, पहिल्या ओळीत पॅरामीटरची नावं, त्यांचा प्रकार आणि युनिट, खाली दर ओळीत एक टाइप. लोड करताना यादी येते, हवे तेवढेच टाइप प्रोजेक्टमध्ये घ्यायचे. फाइलचं नाव फॅमिलीच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये हवीत. फॅमिलीचं नाव बदललंत तर त्या टेक्स्ट फाइलचंही बदला, नाहीतर ती यादी उघडतच नाही आणि रेव्हिट त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.